गॉल रोडने तिस्साच्या तलावापर्यंत

कोलंबोहून श्रीलंकेच्या दक्षिण टोकाकडे जायला दोन रस्ते आहेत. एक नवा एक्स्प्रेसवे. तो २०११ साली गॉलपर्यंत सुरू झाला आणि पुढे हंबनटोटापर्यंत नेला. दुसरा जुना गॉल रोड, सरकारी कागदांत ए-२. हा समुद्राच्या काठाकाठाने, गावागावांतून जातो. आमच्या भंडारा-नागपूरकडून धम्मयात्रेला जाणारे बरेच जण केलनिया, कँडी, अनुराधापूर करून परततात. दक्षिणेचा किनारा राहून जातो, आणि कोणी गेलंच तर एक्स्प्रेसवेने गॉल बघून संध्याकाळी कोलंबोत हजर. माझं म्हणणं एवढंच, की दक्षिणेला जा आणि जुन्या रस्त्याने जा. आम्ही व्हॅन ठरवतानाच सांगून ठेवलं होतं की जाताना एक्स्प्रेसवेवर चढायचं नाही.

आम्ही म्हणजे आई, मावशी, माझी बायको आणि मी. पवनी तालुक्यातलं गाव, घरची धानाची शेती. फेब्रुवारीत निघालो, कारण धान विकून झालं होतं आणि लाखोळी काढायला अवकाश होता. योगायोगाने त्या किनाऱ्यालाही डिसेंबर ते मार्च हेच दिवस चांगले. मे ते सप्टेंबर तिकडे पावसाळा आणि खवळलेला समुद्र, त्यामुळे शाळेच्या उन्हाळी सुट्टीत हा बेत करू नका. नागपूरहून रेल्वेने चेन्नई, तिथून विमान. ऑनलाइन प्रवासपरवाना निघण्याआधीच काढून ठेवा. घड्याळ बदलावं लागत नाही, तिकडची वेळ आपलीच.

रविवार: कोलंबो

संध्याकाळी पोहोचलो आणि सामान टाकून समुद्राकाठच्या गॉल फेसच्या मैदानावर गेलो. आई आणि मावशीने आतापर्यंत पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे गोसीखुर्द धरण. मावशी कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाप्पा, याच्या पल्याडचं तर काहीच दिसून नाही राहिलं!" आई काही बोलली नाही. चपला काढून तिने पाण्यात पाय घातले, ओंजळीतलं पाणी जिभेला लावून पाहिलं, मग मावशीलाही चाखायला लावलं.

बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी कँडीला आले होते, कोलंबोतही त्यांचं भाषण झालं होतं. भदंत आनंद कौसल्यायन कोलंबोजवळच्या विद्यालंकार विद्यापीठात शिकवायचे. आईने भदंतजींना नागपूरला दीक्षाभूमीवर पाहिलेलं आहे. त्यामुळे हे शहर तिला अगदीच परकं वाटत नव्हतं.

सोमवार: कोलंबो ते बेंटोटा

पहिले तीस-चाळीस किलोमीटर दुकानं, बस आणि हॉर्न. समुद्र फक्त गल्ल्यांच्या टोकाला दिसतो. वड्डुवापासून नारळाच्या बागा दाट होतात. वर बघितलं तर एका झाडाच्या शेंड्यापासून दुसऱ्या झाडाच्या शेंड्यापर्यंत काथ्याचे जाड दोर बांधलेले, एक पाय ठेवायला आणि एक हाताने धरायला. ड्रायव्हरदादांनी गाडी बाजूला घेतली. थोड्या वेळाने एक माणूस कमरेला भांडं आणि सुरी लावून त्या दोरावरून चालत पलीकडच्या झाडावर गेला. न उमललेला नारळाचा तुरा बांधून, ठोकून, टोकाशी रोज थोडा छाटतात आणि त्यातून गळणारा रस भांड्यात जमा करतात. एकदा वर चढलेला माणूस दोरांवरून कितीतरी झाडं करून मगच खाली उतरतो. भरलेलं भांडं दोरीने खाली सोडतात. हा रस आंबला की माडी आणि तिच्यापासून अराक ही दारू. आमच्याकडेही सिंदी काढतात, पण तिथे प्रत्येक झाडावर चढायचं आणि उतरायचं. माझ्या बायकोचे मामा हेच काम करायचे. ती मान वर करून त्या माणसाकडे बघत राहिली, तो दिसेनासा होईपर्यंत.

कालुतारात नदीच्या पुलाला लागून बोधिवृक्ष आणि मोठा पांढरा स्तूप आहे. इथून जाणारी जवळपास प्रत्येक गाडी थांबते. ड्रायव्हर उतरतो, पेटीत नाणं टाकतो, हात जोडतो आणि निघतो. बसचे कंडक्टरसुद्धा पळत जाऊन नाणं टाकून येतात. आमच्या दादांनीही टाकलं, मावशीने पाच रुपयांचं आपलं नाणं टाकलं. स्तूप आतून पोकळ आहे, म्हणजे आत जाता येतं. भिंतींवर वरच्या बाजूला जातककथांची चित्रं आहेत आणि हळू बोललं तरी आवाज घुमतो. पवनीचा जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप १९६९-७० च्या उत्खननात सापडला, पण तो पडका, विटांचा ढिगारा. आम्ही लहानपणापासून तोच बघत आलो. उभा, धुतलेला, माणसांनी भरलेला स्तूप बघताना आईचे डोळे भरून आले.

विहारात जाताना चपला आणि टोपी काढायची, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दुपारी दगड तापतो, तेव्हा पायमोजे जवळ ठेवा. आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो अजिबात काढू नका. त्याचं तिथे फार वाईट वाटतं आणि लोक तसं सांगतात.

मंगळवार: बालपिटिया ते गॉल

बालपिटियाला मादू नदीच्या खाडीत होडीने फिरलो. खारफुटीच्या बोगद्यातून होडी जाते, मध्ये लहान लहान बेटं. एका बेटावर दालचिनी सोलणारं घर आहे. तिथे आम्ही ठरवल्यापेक्षा बराच जास्त वेळ रमलो.

दालचिनीचं झाड वाढू देत नाहीत. बुंध्यापाशी कापायचं, की पुन्हा चार-पाच फोक फुटतात, ते अंगठ्याएवढे जाड झाले की तोडायचे. बाई जमिनीवर बसलेल्या. आधी त्यांनी वरची खरबरीत साल खरवडून काढली. मग पितळेचा गोल दांडा घेऊन फोक जोर लावून घासला, म्हणजे आतली साल लाकडापासून सुटते. नंतर सुरीने दोन उभ्या चिरा दिल्या आणि सुरीचं टोक आत सरकवत साल अलगद सोडवली. ती ओली, पिवळसर आणि पातळ, हातात घेतली तर वाकणारी. अशा साली एकात एक घालून, पोकळीत बारीक तुकडे भरून लांब नळी करतात आणि छताखाली बांधलेल्या दोऱ्यांवर सावलीत वाळवतात. उन्हात टाकत नाहीत. मावशीने मागून घेऊन स्वतः एक चीर देऊन पाहिली. साल फाटली. बाई हसल्या, मावशीचा हात धरून त्यांनी सुरी किती आडवी ठेवायची ते दाखवलं, आणि दुसरी पट्टी बरीच चांगली निघाली.

आपल्या बाजारात मिळते ती जाड, कडक, एकाच वळणाची साल बहुतेक वेळा वेगळ्या झाडाची, कॅसियाची असते. खरी लंकेची दालचिनी बोटांनी चुरता येते आणि आडवी धरून पाहिली तर आत पातळ सालींचे अनेक पदर दिसतात. सगळ्यात बारीक नळीला अल्बा म्हणतात. घ्यायची तर रस्त्यावरच्या चकचकीत दुकानांऐवजी अशाच घरातून घ्या.

अंबलनगोडाची लाकडी मुखवट्यांची दुकानं गाडीतूनच पाहिली, कारण पुढे पेरलियाला थांबायचं होतं.

पेरलियाला रस्ता, रेल्वे आणि समुद्र अगदी जवळ जवळ आहेत. २६ डिसेंबर २००४ ला सकाळी त्सुनामीची पहिली लाट आली तेव्हा कोलंबोहून गॉलकडे निघालेली गाडी इथे थांबली होती. गावातले लोक आसरा म्हणून डब्यांत आणि टपांवर चढले. दुसऱ्या, मोठ्या लाटेने डबे उचलून फेकले. गाडीत आणि आसपास मिळून १,७०० च्या वर माणसं गेली असं मानतात. जगातला हा सगळ्यात मोठा रेल्वे अपघात. पूर्ण देशात ३०,००० हून जास्त लोक गेले. त्या दिवशी पौर्णिमा होती, सुट्टी होती, माणसं पांढरे कपडे घालून विहारात किंवा नातेवाइकांकडे निघाली होती.

रस्त्याच्या कडेला स्मारक आहे, जरा पुढे जपानी मदतीने उभारलेली बुद्धमूर्ती. जवळच एका साध्या घरात फोटो आणि मुलांनी काढलेली चित्रं लावलेली आहेत. तिथल्या बाई एकेका फोटोपाशी नेऊन हाताने दाखवत होत्या, पाणी कुठपर्यंत आलं ते. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा मावशीच्या घरात छातीइतकं पाणी होतं. तिने आपल्या छातीवर आडवा हात ठेवून त्या बाईंना दाखवलं. बाईंनी आपला हात डोक्याच्या वर नेला. मग दोघी पायरीवर बसल्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, ड्रायव्हरदादा चहाला गेले होते, तरी त्या अर्धा तास बोलत होत्या. मी आणि बायको बाहेर रुळांपाशी उभे राहिलो. या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबावं असं मला मनापासून वाटतं.

गॉलला पोहोचता पोहोचता पाऊस आला.

बुधवार: गॉल ते मातारा

गॉलचा किल्ला पोर्तुगीजांनी सुरू केला आणि डचांनी मजबूत केला. १९८८ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्सुनामीत बाहेरचं शहर उद्ध्वस्त झालं, पण याच तटांमुळे आतली वस्ती बरीचशी वाचली. सकाळी साडेसहाला तटावरून एक फेरी मारा. आठनंतर ऊन चढतं आणि गर्दीही होते. तटावरून क्रिकेटचं मैदान पूर्ण दिसतं. आतल्या गल्ल्यांत हॉटेलं आणि दागिन्यांची दुकानं आहेत, ती आम्ही फार पाहिली नाहीत.

पुढे कोग्गला ते वेलिगामा या पट्ट्यात समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून मासे धरणारे लोक दिसतात. फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली. आता बहुतेक ठिकाणी लोक फोटोसाठीच बसतात आणि पैसे मागतात. त्यात मला वावगं वाटलं नाही, मासे कमी झाले तर माणसाने करावं काय? फक्त रक्कम आधी ठरवून घ्या.

खरी मासेमारी आम्हाला वेलिगामाच्या पुढे अचानक भेटली. वीस-पंचवीस माणसं वाळूत पाय रोवून दोन लांब दोर ओढत होती. होडीने दूरवर अर्धगोल टाकलेलं मोठं जाळं दोन्ही टोकांनी किनाऱ्याकडे आणायचं. एक जण सूर लावतो, बाकीचे साथ देतात आणि त्या तालावर दोर मागे येतो. आम्ही बघत उभे राहिलो तर एका आजोबांनी हाताने खूण केली. मी दोर धरला. पाठोपाठ आईने पदर खोचला आणि माझ्या मागे उभी राहिली. सत्तरीच्या जवळची बाई! लोकांनी एकदम आवाज चढवला. साधारण तासभर ओढल्यावर जाळ्याचा पोटाचा भाग वाळूत आला. बारीक चंदेरी मासे, थोडे बांगड्यासारखे, दोन जेलीफिश. ढीग करून वाटे पडले. आम्हाला नको म्हणता म्हणता पानात गुंडाळून मूठभर मासे दिलेच.

मातारात ज्यांच्या घरी उतरलो त्या ताईंनी तेच मासे रात्री गोरका घालून आंबट, कोरडे केले. अंबुल थियल म्हणतात, दक्षिणेची खास गोष्ट, दोन-चार दिवस टिकते. गोरका आमसुलाच्या जातीचं फळ. सोबत नारळाची रोटी आणि लुणुमिरिस, म्हणजे कांदा, लाल मिरची, मीठ वाटून लिंबू पिळलेलं. आईने पिशवीतून भिवापुरी मिरचीचं तिखट काढलं, ताईंनी चाखलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या लुणुमिरिसमध्ये तेच पडलं. उरलेली पुडी आई तिथेच ठेवून आली.

शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवायचं, की डाळीत आणि खोबऱ्याच्या संबोल नावाच्या चटणीतसुद्धा सुक्या माशाचा चुरा असतो. त्याला उंबलकड म्हणतात. "मालु एपा" म्हणा, मासे नकोत हे कळतं.

गुरुवार: पौर्णिमा

श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवसाला पोया म्हणतात. दारू आणि मांसविक्री बंद. ही माघ पौर्णिमा होती. आईला तारीख माहीत होती, तिने घरूनच पांढरी साडी आणलेली. सकाळी रस्त्यावर आलो तर जिकडे बघावं तिकडे पांढरे कपडे, हातात कमळं आणि फुलांची तबकं, लहान मुलंसुद्धा पांढऱ्या कपड्यांत.

आधी देवुंदरला गेलो. हे देशाचं दक्षिण टोक. तिथलं ब्रिटिशांच्या काळातलं दीपगृह ४९ मीटर उंच, देशातलं सगळ्यात उंच. इथून सरळ दक्षिणेला गेलं तर अंटार्क्टिकापर्यंत जमीन नाही. मावशीला हे सांगितलं तर तिने दोनदा विचारलं, "गावच नाही? एकबी नाही?"

मग डिकवेलाचा वेवुरुकन्नल विहार. बसलेल्या बुद्धाची मूर्ती ५० मीटर उंच, पाठीमागे तेवढ्याच उंचीची इमारत आणि आत बुद्धचरित्राची शेकडो चित्रं. वरपर्यंत जिने आहेत, गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा. आम्ही खालीच थांबलो, पण गुडघ्यांमुळे नाही.

बोधिवृक्षाखाली चटया टाकून चाळीसेक बाया बसल्या होत्या. त्या दिवशी त्या अष्टशील घेतात, दुपारनंतर जेवत नाहीत, दिवसभर विहारातच असतात. आई त्यांच्या मागे जाऊन बसली. भन्तेजींनी "नमो तस्स" सुरू केलं आणि आईचा आवाज त्यात मिसळला. त्रिशरण झालं. पंचशील जवळपास आमच्याकडे म्हणतात तेच, फक्त तिसरं शील ब्रह्मचर्याचं आणि पुढे आणखी तीन शीलं जोडलेली, तीही आईला पाठ. वर्षावासात ती घेते. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बायांनी वळून बघितलं. फुलं वाहताना "वण्णगन्धगुणोपेतं" सुरू झालं तेव्हा शेजारच्या आजींनी आपल्या तबकातली अर्धी फुलं आईच्या ओंजळीत दिली आणि दोघींनी ती गाथा शेवटपर्यंत सोबत म्हटली.

वंदना संपल्यावर आईभोवती घोळका झाला. कुठून आलात? ड्रायव्हरदादांनी सांगितलं, इंडिया, नागपूरच्या जवळ. नागपूर कोणाला माहीत नव्हतं, पण "आंबेडकर" म्हटल्यावर भन्तेजींनी मान हलवली आणि बायांना काहीतरी सांगितलं. १४ ऑक्टोबर १९५६ चं ते सांगत असावेत, कारण नंतर त्या आजी आईचे दोन्ही हात धरून बराच वेळ बोलत राहिल्या. आई सात वर्षांची नव्हती तेव्हा तिच्या वडिलांनी बैलगाडीने नागपूर गाठून दीक्षा घेतली होती. त्या माणसाने शिकवलेली गाथा समुद्रापलीकडच्या गावात कोणीतरी ओळखली. आईने दुपारचं जेवण त्यांच्यासोबत बाराच्या आत उरकलं आणि मग संध्याकाळपर्यंत उठली नाही. दुपारी तंगालजवळचं समुद्राचं कारंजं बघायचा बेत होता, तो सोडून दिला. मी झाडाखाली पडून राहिलो. या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता दिवस हाच.

शुक्रवार: हंबनटोटा आणि तिस्सा

तंगाल सोडलं की हवा बदलते. नारळ विरळ होतात, काटेरी झुडपं आणि कोरडं ऊन सुरू होतं. हंबनटोटाजवळ मिठागरं लागतात, पांढऱ्या राशी आणि वाफे. रस्त्याकडेला मडक्यांतलं म्हशीचं दही टांगलेलं असतं, त्यावर किथुल माडाचा काकवीसारखा पाक घालून देतात. तिथे दोनदा थांबलो.

पण त्याआधी, अंबलनटोटाच्या आसपास धान लागलं! तिथला मुख्य हंगाम याच दिवसांत कापणीला येतो. डांबरी रस्त्याची एक कड अडवून लोकांनी धान वाळत घातलेलं, कडेने दगड मांडलेले, अगदी आमच्याकडे घालतात तसं. आईने गाडी थांबवायला लावली. उतरून तिने चार दाणे उचलले, एक दाताखाली फोडला, टरफल काढून तांदूळ हातावर बघितला. लाल तांदूळ. धान उलथवणारा शेतकरी फावडं टेकून तिच्याकडे बघत होता. आईने दोन बोटं दाखवली आणि सूर्याकडे हात केला. अजून दोन उन्हं पाहिजेत. तो हसला आणि त्यानेही दोन बोटं दाखवली.

शेतांच्या कडेला झाडांवर मचाणं आहेत. रात्री हत्तींसाठी राखण. आम्ही रानडुकरांसाठी जागतो. पण हत्ती आला तर माणूस काय करणार हे भंडारा-गोंदियाच्या लोकांनीही २०२२ साली पाहिलं आहे. तिकडे अंधार पडल्यावर लहान रस्त्यांवर गाडी घालू नका, हत्ती रस्त्यात उभे असतात.

तिस्समहारामचा तलाव, तिस्सा वेव, दोन हजार वर्षांहून जुना आणि आजही शेताला पाणी देतो. पाळीवरच्या मोठ्या झाडांना वटवाघळं लटकलेली, पाण्यात बगळे आणि म्हशी. आमचे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, कोहळी लोकांनी बांधले, त्यांना तीनेकशे वर्षं झाली आणि त्यातले कितीतरी गाळाने भरले. म्हणून मला हा तलाव नीट बघायचा होता. जुन्या लंकेत तलावाच्या आत दगडी चौकोनी विहीर बांधून पाण्याचा दाब तोडत आणि मग पाणी तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या मोरीतून सोडत, म्हणजे पाळ फुटत नसे. पाळीवर भेटलेल्या एका शेतकऱ्याने दादांमार्फत सांगितलं, की हंगामाआधी सगळे शेतकरी आणि अधिकारी एकत्र बसतात आणि पाणी कोणत्या तारखेला सोडायचं, कोणी किती पेरायचं ते ठरवतात. तलावात पाणी कमी असेल तर सगळ्यांनीच कमी पेरायचं. मी विचारलं, कोणी ऐकलं नाही तर? तो म्हणाला, पाणी एकाच तारखेला बंद होतं, त्याचं पीक वाळतं. आमच्या गावच्या पाणीवाटप संस्थेत हे मी मांडणार आहे.

शनिवारी परतताना मात्र एक्स्प्रेसवे घेतला, विमान गाठायचं होतं. स्वच्छ, सरळ रस्ता, दोन्हीकडे डोंगर आणि रबराची झाडं, समुद्र कुठेच नाही.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. ड्रायव्हरसह व्हॅन चार-पाच जणांत परवडते, ड्रायव्हरच्या राहण्या-जेवण्याचं आधीच ठरवा. आम्ही गेलो तेव्हा आपल्या एका रुपयाला त्यांचे साधारण साडेतीन रुपये मिळत होते, नोटा कोलंबो विमानतळावर बदला. तब्येत बरी असेल तर कोलंबो ते गॉल हा टप्पा रेल्वेने करूनही बघा, रूळ लाटांच्या अगदी शेजारून जातात. मोठ्या हॉटेलांपेक्षा घरगुती खोल्या घ्या. आणि तिकीट काढण्याआधी पोयाची तारीख बघा. त्या दिवशी मातारा किंवा डिकवेलात मुक्काम ठेवा, पांढरे कपडे सोबत घ्या आणि सकाळी सातच्या आत विहारात पोहोचा.